सात गोळ्या, एकच कुत्रा

औषधाच्या दुकानात मी जंताच्या सात गोळ्या मागितल्या, तेव्हा काउंटरवरच्या मुलानं कौतुकानं विचारलं, "पिल्लं सात का, ताई?" पिल्लं नव्हेत, कुत्रा एकच. सहासष्ट किलोचा. दर दहा किलोला एक गोळी, म्हणजे सहा पुरत नाहीत, सातवी घ्यावी लागते. दर तीन महिन्यांनी.

ग्रेट डेन घ्यायचा विचार आहे म्हणून आमच्याकडे चौकशीला येणारे लोक पहिला प्रश्न विचारतात तो पिल्लाच्या किमतीचा, दुसरा खाण्याचा. या कुत्र्यांच्या खर्चात हे दोन आकडे त्यातल्या त्यात सरळ आहेत. खरा हिशेब किलोचा आहे. आमच्या घरात २००४ पासून तीन डेन झाले. पहिला वाघ्या, मग गौरा आणि आता भीमा. सासूबाईंनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं कुत्र्याचा खर्च लिहायला सुरुवात केली, ती वही अजून चालू आहे. इथले बहुतेक आकडे तिच्यातले, पुण्यातल्या आजच्या भावाला आणून ठेवलेले. मुंबईत थोडे चढे धरा, सांगली-कोल्हापुरात थोडे उतरते.

पिल्लाचं आधी उरकून टाकते. कागदपत्रांसह चांगल्या घरचं पिल्लू वीस ते पन्नास हजारांत मिळतं. पंधरा हजारांतलंही मिळतं. वाचलेले पैसे पुढं डॉक्टरकडे जातात. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. नोंदणीचा क्रमांक मागा. पिल्लाची आई दाखवा म्हणावं. "आई गावाला आहे" असं उत्तर आलं, की चहा न घेता उठावं. आई-बापाच्या हृदयाची सोनोग्राफी आणि खुब्याचा एक्स-रे झालाय का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस तुमच्याकडे वेड्यासारखं बघेल. जो बघणार नाही, त्याच्याकडून घ्या. आणि कान कापून टोकदार करून देतो म्हणाला, तर नको म्हणा. डेनचे लोंबते कान उत्तम दिसतात.

कागदपत्रांसोबत आम्हाला कॅल्शियमची एक बाटली फुकट मिळाली होती. हाडं भक्कम होतील म्हणे. वाघ्याला आम्ही ती निगुतीनं पाजली. पुढं कळलं, की महाकाय जातींच्या पिल्लांना वरचं कॅल्शियम देणं हा त्यांची हाडं बिघडवायचा खात्रीचा मार्ग आहे. ही पिल्लं अर्ध्या-पाऊण किलोची जन्मतात आणि वर्षभरात पन्नास किलोच्या आसपास जातात. एवढ्या झपाट्यात वाढणाऱ्या हाडाला हवं असतं ते मोजून-मापून. म्हणून 'जायंट पपी' लिहिलेलं खाणं घ्यायचं, भले ते महाग असेल, आणि पिल्लू गुटगुटीत न ठेवता किंचित हडकुळंच ठेवायचं. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. आमच्याकडे येणारी प्रत्येक मावशी म्हणायची, "अगं, याला खायला घालता का नाही?"

खाण्याबद्दल एक दिलासा आहे. दहा किलोच्या कुत्र्यापेक्षा पासष्ट किलोचा कुत्रा साडेसहापट खात नाही, साधारण चौपट खातो. अंग मोठं झालं, की किलोमागं लागणारी ऊर्जा कमी होते, हा निसर्गाचा हिशेब आहे. मोठ्या डेनला दिवसाला अडीच हजार कॅलरींच्या आसपास लागतात, म्हणजे कोरडं खाणं सहाशे ते सातशे ग्रॅम, महिन्याला एकवीस किलो. बऱ्यापैकी ब्रँड साडेचारशे रुपये किलोनं धरला, तर साडेनऊ हजार. आम्ही निम्मं कोरडं, निम्मं घरचं करतो. चिकन, भात, लाल भोपळा, अंडं, मीठ नाही, कांदा-लसूण नाही. त्यात महिन्याला दीड-दोन हजार सुटतात, पण रोज एक कुकर जादा लागतो आणि तो कोण लावणार, हे घरात आधी ठरवून घ्या. निव्वळ घरच्या खाण्यावर ठेवायचं असेल, तर पशुवैद्याकडून आहार लिहून घ्या. चिकन-भात हा काही समतोल आहार नव्हे. पिल्लाच्या बाबतीत तर हा प्रयोग करूच नका.

औषधाला मात्र निसर्गाचा तो हिशेब लागू नाही. तिथं बहुतेक सगळं किलोमागं. गोचिडांची गोळी घ्या. बाजारात जी सगळ्यात मोठी मिळते, ती पंचावन्न-साठ किलोपर्यंतच्या कुत्र्याची. त्याच्यावर गेलात, की मोठीला एक लहान जोडावी लागते. एका वेळचे चार हजार, वर्षातून चारदा. इथं काटकसर करू नका. पुण्या-मुंबईत गोचीड तापानं कुत्री सर्रास आजारी पडतात. महिनाभराची अँटिबायोटिक, दर आठवड्याला रक्ताची तपासणी, आणि त्या गोळ्याही पुन्हा किलोमागंच. भूल किलोमागं. सलाइन किलोमागं. लहान कुत्र्याची छाती आणि पोट एका प्लेटमध्ये मावतं. डेनच्या एक्स-रेला दोन-तीन लागतात. फक्त लस तेवढी सगळ्यांना एकच. रेबीजची सुई पॉमेरेनियनला आणि वाघ्याला सारखीच टोचली गेली, तेव्हा सासूबाईंना केवढं समाधान झालं होतं.

वर्षाची बेरीज अशी पडते: निव्वळ कोरड्या खाण्याचे १ लाख १४ हजार, गोचिडांचे १६ हजार, लसी साडेतीन हजार, जंताच्या गोळ्या सव्वादोन हजार, किरकोळ डॉक्टर १२ हजार, आपण गावाला गेलो की दहा दिवस बोर्डिंगचे १२ हजार आणि गादी, पट्टा, भांडी, फुटलेले कप मिळून सहा. सगळे धरून १ लाख ६५ हजारांच्या आसपास. सकाळी फिरवायला माणूस ठेवलात तर महिन्याला चार हजार वर, म्हणजे वर्षाचे २ लाख १४ हजारांच्या घरात. डेनचं आयुष्य सात ते दहा वर्षांचं. आठ धरली, तर काहीही मोठं दुखणं न येता तेराएक लाख.

फुटलेले कप मी गमतीनं लिहिले नाहीत. डेनचं शेपूट बरोबर टीपॉयच्या उंचीवर असतं आणि आनंदात ते वेतासारखं फिरतं. कप जातात ते जातातच. पण भिंतीवर, दाराच्या चौकटीवर आपटून शेपटाचं टोकही फुटतं. गौराचं फुटलं तेव्हा हॉलच्या चारही भिंतींवर कमरेच्या उंचीवर रक्ताचे शिंतोडे होते आणि ती मात्र खुशीत शेपूट हलवतच होती. ही जखम भरायला महिना-महिना घेते, कारण तिला आनंद होणं काही थांबत नाही.

फरशी आणि गादी

आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्स या कुत्र्यांच्या शत्रू आहेत. पाय घसरतात, सांधे दुखावतात, आणि कठीण जमिनीवर धप्पकन बसून बसून कोपराला घट्टे पडतात, कधी पाणी साचून लिंबाएवढा गोळा येतो. वाघ्याला तो आला. दुकानातली 'ऑर्थोपेडिक' गादी सात हजारांची. ती त्यानं दोन महिन्यांत उकरली. मग सासूबाईंनी माळ्यावरची कापसाची जुनी डबल गादी काढली, पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली, वर मांजरपाटाच्या दोन खोळी शिवल्या. ती युक्ती आजवर चालू आहे. दर दिवाळीआधी गादी पिंजायला जाते. फरशीवर मुलांच्या खोलीतल्या एकमेकांत अडकणाऱ्या रबरी चटया घातल्या, हॉलपुरत्या चार हजारांत झाल्या.

सासूबाईंचा चौरंगही या हिशेबात येतो. वाघ्याला खाली वाकून खाताना बघवेना, म्हणून त्यांनी सत्यनारायणाचा जुना चौरंग त्याच्या भांड्याखाली दिला. तेव्हा तसंच करायला सांगत. आता उंचावर ठेवलेल्या भांड्याबद्दल पशुवैद्यांत दोन मतं आहेत, काही म्हणतात त्यानं पोट फुगण्याचा धोका वाढतो. भीमा जमिनीवर ठेवलेल्या परातीत जेवतो. चौरंग परत देवघरात गेला.

पोट फुगतं तेव्हा

पोट फुगण्याचं सविस्तर सांगते, कारण डेन घेणाऱ्यानं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचावं.

या जातीची छाती खोल आणि अरुंद असते. जठर वायूनं फुगतं आणि कधी कधी स्वतःभोवती पीळ खातं. दोन्ही टोकं बंद. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रा जातो. सगळ्या जातींत ग्रेट डेनला हा धोका सर्वाधिक.

२००९ च्या दसऱ्याच्या रात्री वाघ्या अस्वस्थ फिरत होता. बसे, उठे, परत फिरे. ओकारीचा आवाज काढायचा, पण बाहेर फक्त पांढरा फेस. आम्हाला वाटलं, दुपारी कुणीतरी श्रीखंड-पुरी चारली असणार. हिंगाचा लेप लावला, ओव्याचं पाणी पाजलं. साडेअकराला मी त्याच्या पोटावर टिचकी मारली, तर पखवाजासारखा आवाज आला. तेव्हा जवळच्या डॉक्टरांना फोन. ते म्हणाले, गॅसचं इंजेक्शन देऊन बघू, घेऊन या. नेणार कशात? आमच्या छोट्या गाडीत तो उभा आत शिरायचा, पण आडवा पडलेला साठ किलोचा कुत्रा मागच्या सीटवर चढवता येईना. खालच्या गल्लीतल्या काकांना उठवून त्यांचा छोटा हत्ती काढला. इंजेक्शन, वाट बघणं, मग मोठं हॉस्पिटल. तिथं टेबलावर घेईपर्यंत पावणेतीन झाले होते. तो टेबलावरच गेला. पाच वर्षांचा होता.

आजच्या भावात पीळ सोडवण्याचं हे आपत्कालीन ऑपरेशन चाळीस हजारांपासून लाखापर्यंत जातं, आणि वेळेत पोचलं नाही तर ते सगळे जाऊनही कुत्रा हाती लागेलच असं नाही. त्याऐवजी जठर आधीच पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून घेता येतं. गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात त्याला. त्यानं पोट फुगणं थांबत नाही, पण पीळ पडणं जवळजवळ थांबतं, आणि जीव जातो तो पिळानं. नसबंदीच्या वेळीच केलं, तर भूल एकदाच द्यावी लागते. नसबंदीच्या बिलात पंधरा ते तीस हजारांची भर. या जातींत नसबंदी हाडांची वाढ पुरी झाल्यावर, दीड-दोन वर्षांच्या सुमारास करा असं डॉक्टर सांगतात, तेव्हा पैसे जमवायला तेवढा अवधी मिळतो. गौराचं केलं, भीमाचंही केलं. बाकी पथ्यं फुकटची आहेत: दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत वाटायचं, जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर धावपळ नाही, आणि नुसता फेस येणारी कोरडी ओकारी दिसली की हिंग नाही, ओवा नाही, सरळ गाडी. ऑपरेशन करणारं आणि रात्री उघडं असणारं हॉस्पिटल कुठलं, हे कुत्रा आणायच्या आधी स्वतः जाऊन बघून ठेवा. 'चोवीस तास' असं पाटीवर असतं. रात्री दोनला सर्जन असतो का, ते विचारावं लागतं. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतंच, पण वाहतुकीत तिथं पोचायला किती वेळ लागेल, तेही एकदा मोजून बघा.

गौरा पोटानं नाही, हृदयानं गेली. हृदयाचे स्नायू पातळ होऊन ते फुगत जाणं, हाही या जातीचा नेहमीचा आजार. सातव्या वर्षी सोनोग्राफीत कळलं. आज त्या सोनोग्राफीला अडीच ते चार हजार लागतात. मग गोळ्या. हृदयाची जी मुख्य गोळी, तिचा डोस साठ किलोला सकाळी पंधरा मिलिग्रॅम, रात्री पंधरा. मोठ्यात मोठी गोळी आम्हाला पाचाची मिळायची, म्हणजे दिवसाला सहा. वर लघवीच्या गोळ्या. आजच्या भावानं महिन्याला आठ-दहा हजार, ती होती तोवर. चौदा महिने. पाच वर्षांनंतर दरवर्षी सोनोग्राफी करून घेतली असती, तर आधी कळलं असतं. भीमाची आता करतो.

विम्याचं लोक विचारतात. आपल्याकडे काही सर्वसाधारण विमा कंपन्या कुत्र्यांचा विमा देतात. पण अटी नीट वाचा. महाकाय जातींना प्रवेशाची आणि नूतनीकरणाची वयोमर्यादा इतरांपेक्षा कमी असू शकते, म्हणजे दुखणी सुरू व्हायच्या सुमारास विमा संपतो. जन्मजात आणि आनुवंशिक आजार बहुधा वगळलेले असतात. आम्ही त्यापेक्षा बँकेत आवर्ती ठेव उघडली, महिन्याला अडीच हजारांची. तीन वर्षांत नव्वद हजार आणि वर व्याज. तिला घरात 'भीमाची आरडी' म्हणतात आणि लेकीच्या लॅपटॉपसाठीसुद्धा ती मोडलेली नाही.

जात आणि हवा

डेनच का, तर त्याच्या अंगावर केस कमी. सेंट बर्नार्डच्या प्रेमात पडलेल्यांना मी एवढंच सांगते, की ही जात आल्प्समधल्या २,४६९ मीटर उंचीवरच्या खिंडीतल्या मठात घडली. (गळ्यातलं ब्रँडीचं पिंप ही चित्रकाराची करामत, मठवासी कुत्र्यांच्या गळ्यात असलं काही अडकवत नसत.) आमच्या सोसायटीत एक आहे. मार्च ते जून त्याच्या खोलीतला एसी दिवसभर चालतो आणि त्या चार महिन्यांत त्या घराचं विजेचं बिल दरमहा सहा-सात हजारांनी फुगतं. रोजचं विंचरणं आणि लाळ पुसायचे पंचे वेगळे. विदर्भात, मराठवाड्यात तर ही जात घेऊच नये. मोठा आणि रुबाबदार कुत्रा हवा, पण खर्च पेलणार नसेल, तर आपला कारवानी बघा. तो महाकाय नाही, पण उंच आहे, आपल्या उन्हातला आहे आणि त्याला जंताच्या तीनच गोळ्या लागतात.

मॅस्टिफ, रॉटवायलर वगैरे घेणाऱ्यांनी कायद्याकडेही लक्ष ठेवावं. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना पत्र पाठवून अशा २३ जातींवर बंदी घालायला सांगितलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. डेन आणि सेंट बर्नार्ड त्या यादीत नव्हते. महापालिकेचा परवाना मात्र सगळ्यांनाच लागतो. फी किरकोळ असते, रेबीजच्या लसीचा दाखला जोडावा लागतो.

सोसायटीनं कुत्रा ठेवू नका असा ठराव केला, तरी तो टिकत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट आहे, लिफ्ट नाकारता येत नाही हेही आहे. तरी सांगते, कागद दाखवून जे मिळत नाही ते सकाळी पावणेसहाला लिफ्ट वापरून मिळतं. आणि विष्ठा उचलायला पिशवी पुरत नाही; लोखंडी सुपडी आणि बादली घेऊन खाली जा, चारशे रुपयांत दोन्ही येतात.

माणसांचा खर्चही वहीत आहे. २०१२ साली नवऱ्यानं पट्टा मनगटाला गुंडाळून घेतला होता, गौराला समोर मांजर दिसलं. मनगटाचं हाड मोडलं, प्लेट घातली. तिच्या आठ वर्षांतलं सगळ्यात मोठं बिल तिचं नाही, नवऱ्याचं आहे. पहिल्या सहा महिन्यांत प्रशिक्षक लावा, आठ ते पंधरा हजार घेतात. बारा किलोचं पिल्लू ओढतं तेव्हा गंमत वाटते. तेच पासष्ट किलोचं झाल्यावर शिकवायला जाल, तर आधी शिकणार तुम्ही.

शेवटच्या महिन्यांत गौराला जिना उतरता येईना. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण वीज गेली की नव्हती. तिला जाड सतरंजीवर घ्यायचं, चार कोपरे चौघांनी धरायचे, वळणावर पुढच्यानं थांबायचं. दिवसातून तीनदा. वॉचमन, वरच्या मजल्यावरची दोन मुलं आणि आम्ही दोघं यांत जे असतील ते चार. त्या सतरंजीवरूनच तिला शेवटी दाहिनीपर्यंत नेलं. तिथंही आधी वजन झालं. आकार किलोमागंच होता. पावतीवर ५३ लिहिलंय. आजारात बारा किलो उतरली होती.

तेव्हा टोकन द्यायच्या आधी ज्यांच्याकडे मोठा डेन आहे अशा कुणाकडे तरी जा आणि त्यांच्या परवानगीनं तो दोघांनी सतरंजीवरून गाडीत चढवून बघा. कुत्रा जागा आणि सहकार्य करणारा असतानाही घाम फुटतो. मग मध्यरात्री कोण येईल, त्याची यादी करा. आमच्या फ्रिजवर सहा नावं आणि सहा नंबर चिकटवलेत. छोट्या हत्तीवाल्या काकांचा सगळ्यात वर आहे. ते आता सत्तरीचे आहेत, गाडी मुलगा चालवतो. नंबर तोच आहे.